मुलामा आणि पकड



या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धती यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'कार्बन तंतूंवरचा सिरॅमिक मुलामा' असे सांगितले. दूरध्वनीवर पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग त्यांनी विचारले, "म्हणजे कामगारांच्या दृष्टीने ना?" मी म्हटले, "पदार्थाच्या दृष्टीने. कामगार त्यात आपोआप येतोच."

आधीच सांगून टाकतो की मी शास्त्रज्ञ नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. वडील साचेवाले. संप काही सुटला नाही. नववीनंतर माझी शाळा मात्र सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, लेथवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा सभागृहात जे जाणकार बसले असतील त्यांनी माझे चुकेल तिथे नंतर कान धरावा. पण या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. एका पोराची नोकरी वाचवायची होती म्हणून वळलो. ती हकीकत पुढे येईल. आधी थोडी कल्हई.

आमच्या चाळीत वर्षातून दोनदा कल्हईवाला येत असे. अंगणात खड्डा करून तो भाता बसवी, कोळसे फुलवी आणि पितळेचा टोप तापला की त्यात चिमूटभर नवसागर टाकी. पांढरा धूर उठे, नाक झोंबे. मग कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्याने असा काही फिरवी की पाहता पाहता टोप चांदीसारखा होई. मी एकदा विचारले, "चाचा, हा धूर कशाला?" त्यांनी बोलण्याऐवजी करून दाखवले. नवसागर न टाकता एका कोपऱ्यात कथील टेकवले. कथील वितळले, पण पसरले नाही. त्याचे मणी झाले आणि ते टोपात इकडून तिकडे धावू लागले. चाचा म्हणाले, "बघ. धरत नाही, पळतं." आज मी आपल्यापुढे जे काही बोलणार आहे त्यातले निम्मे या दोन शब्दांत आहे. पितळेवर हवेने चढलेली पुटी नवसागर खाऊन टाकतो, खालची खरी धातू उघडी पडते, आणि मगच कथील तिला धरते. मुलामा म्हटला की आपण दोन वस्तू मोजतो, खालची आणि वरची. या दोहोंच्या मध्ये काय आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आणि सांधा सुटतो तो नेमका तिथे.

आता कार्बनच्या तंतूकडे येऊ. हा तंतू किती बारीक? पाच ते सात मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका. ॲक्रिलिकच्या जातीचा धागा घेतात. प्रथम हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजतात, मग हवा अजिबात लागू न देता हजार ते दीड हजार अंशांपर्यंत तापवतात. निम्मे वजन उडून जाते आणि कोळसा उरतो. पण कोळसा म्हणजे भट्टीतला भुसभुशीत तुकडा नव्हे. ज्या कार्बनच्या पापुद्र्यांमुळे शिसपेन्सिल कागदावर घसरते, तेच पापुद्रे इथे तंतूच्या लांबीच्या दिशेने ताणून बसवलेले असतात. पोलादाची घनता ७.८, याची १.८, आणि ताणाला हा पोलादाच्या तोडीचा, बहुधा वरचढच. जपानात अकिओ शिंदो यांनी आणि इंग्लंडात फार्नबरोच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्यम वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात हे तंत्र रुळावर आणले.

पण नुसता तंतू म्हणजे सुताचे भेंडोळे. त्याला ओढता येईल, दाबता येणार नाही. म्हणून तो राळेत बसवावा लागतो, जसे आपण भिंतीच्या मातीत गवत आणि तूस घालतो तसे. भार येतो तो राळेवर. राळ तो तंतूच्या अंगावरून, कडेने, घासत घासत तंतूकडे पोचवते. म्हणजे सगळी मदार त्या कडेवर. आणि भट्टीतून निघालेल्या कार्बनचे अंग कसे असते? गुळगुळीत आणि माणूसघाणे. राळ त्याला धरीत नाही. म्हणून कारखान्यात या तंतूला विजेच्या प्रवाहात, क्षाराच्या पाण्यातून नेतात. त्याच्या अंगावर ऑक्सिजनचे हात फुटतात, आणि मग वजनाच्या सुमारे एक टक्का इतके राळेच्या जातीचे पातळ अस्तर त्यावर देतात. आमच्या गिरणीत ताण्याच्या सुताला खळ देत, तोच हा प्रकार. इंग्रजीतही त्याला गिरणीतलाच शब्द आहे, सायझिंग. हे मी प्रथम वाचले तेव्हा वडिलांची आठवण झाली. त्यांच्या खात्यातले निम्मे शब्द या नव्या विद्येत जसेच्या तसे बसले आहेत. माणसे मात्र बाहेर राहिली. असो.

इथपर्यंत आपल्याला असे वाटेल की पकड जितकी घट्ट तितकी वस्तू चांगली. मलाही तसेच वाटत होते. मग जे. ई. गॉर्डन या इंग्रज गृहस्थाचे १९६८ सालचे भक्कम पदार्थांवरचे पुस्तक हाती पडले. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते चार महिने वाचले. गॉर्डन आणि त्यांचे सहकारी कुक यांनी १९६४ साली एक मोठी उलटी गोष्ट दाखवली होती. ठिसूळ पदार्थात चीर धावत येते. वाटेत तिला एखादा कच्चा सांधा आडवा लागला, तर चीर पुढे न जाता त्या सांध्याच्या कडेने वळते आणि तिथेच तिचा जोर जिरतो. सांधा फार पक्का असेल तर चीर सरळ आरपार जाते, जणू ती वस्तू एकच काचेचा तुकडा आहे. तेव्हा राळ लवचीक असते म्हणून राळेच्या घरात तंतूची पकड घट्ट हवी. पण तोच तंतू सिरॅमिकच्या, म्हणजे चिनी मातीच्या जातकुळीच्या ठिसूळ घरात बसवला तर पकड जरा ढिली हवी. तंतू थोडा सरकला पाहिजे, घासला पाहिजे, ओढून बाहेर आला पाहिजे. युनियन बांधणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण ते खरे आहे.

ही ढिलाई मोजून कशी आणायची? तर तंतूवरच मुलामा देऊन. पायरोलिटिक कार्बनचा किंवा बोरॉन नायट्राइडचा थर, एका मायक्रॉनच्या काही दशांशांइतका, वायूतून तंतूवर बसवतात. हे दोन्ही पापुद्र्यांचे पदार्थ. चीर आली की त्यांचे पापुद्रे सुटतात आणि चीर वळते. बोरॉन नायट्राइडचा आणखी एक गुण असा की तापलेल्या हवेत तो जळतो, तेव्हा त्याची काच होते आणि ती भेगेत शिरून बसते. अल्युमिनियमच्या घरात तंतू बसवायचा झाला तर दुखणे वेगळे. वितळलेले अल्युमिनियम कार्बनला नुसते धरीत नाही, खाते. त्यातून जे संयुग होते ते ठिसूळ असते आणि दमट हवेत हळूहळू कुजते. तिथे सिलिकॉन कार्बाइडसारखा मुलामा मध्ये उभा राहून दोघांचे भांडण सोडवतो.

पण कोणताही मुलामा फुकट मिळत नाही. थर जाड झाला की तो स्वतःच ठिसूळ. त्याला ताणात पहिली भेग पडते, आणि तंतूला ती भेग म्हणजे काचेवर हिऱ्याने ओढलेली रेघ होते. तंतू तिथूनच तुटतो. शिवाय बारा हजार तंतूंच्या एका पेडात थर सगळीकडे सारखा बसत नाही. बाहेरच्यांना जाड, आतल्यांना पातळ, आणि शेजारी शेजारी चिकटून पेड काडीसारखा ताठ. असा पेड विणायला घेतला तर तुटतो. रक्षणासाठी दिलेला मुलामा तंतूची ताकद कमी करतो, ही गोष्ट जाहिरातीत कधी छापली जात नाही.

आता मुलामा तंतूवर न देता तयार वस्तूवर दिला तर काय होते ते पाहा. कार्बनचा मोठा वैरी म्हणजे हवा. चार-पाचशे अंशांच्या पुढे तो हवेत जळू लागतो. शेवटी कोळसाच तो! आणि तरीही अमेरिकेच्या अंतराळ यानांच्या, म्हणजे स्पेस शटलच्या, नाकाला आणि पंखांच्या पुढच्या कडेला कार्बनमध्येच बसवलेला कार्बन तंतू वापरला होता. परतीच्या वाटेवर ही कड सोळाशे अंशांच्या आसपास तापू शके. ती जळली कशी नाही? तर तिच्यावर सिलिकॉन कार्बाइडचे कवच होते. आणि ते बाहेरून थापलेले नव्हते. तयार भाग अल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड आणि सिलिकॉन यांच्या भुकटीत पुरून, आर्गॉन वायूत सतराशे अंशांच्या वर तापवत. सिलिकॉन कार्बनमध्ये शिरे आणि वस्तूचे स्वतःचे वरचे अंगच अर्धा ते एक मिलिमीटरपर्यंत सिलिकॉन कार्बाइड होऊन जाई. कल्हईत कथील परके असते. इथे मुलामा घरातलाच, त्यामुळे त्याची पकड उत्तम.

मग सगळे आलबेल? नाही. कार्बन तापल्याने फारसा फुगत नाही, सिलिकॉन कार्बाइड त्याच्यापेक्षा जास्त फुगतो. भट्टीतून काढून वस्तू थंड झाली की वरचे कवच जास्त आकसायला बघते, खालचे अंग त्याला आकसू देत नाही. आणि कवचभर केसासारख्या भेगा पडतात. इनॅमलचा जुना टोप आठवा. गरम टोपावर गार पाणी पडले की टवका उडतो, तेही याच भांडणातून. शटलच्या कारागिरांनी या भेगा गृहीत धरल्या होत्या. त्यांत एक द्रव जिरवून वाळूच्या जातीचा सिलिका ठेवायचा आणि वरून सोडियम सिलिकेटची काच फासायची. गरम झाली की ती काच मऊ होऊन भेगेत उतरते.

आणि इथे मला सर्वांत आवडलेली, किंवा म्हणा सर्वांत झोंबलेली, गोष्ट येते. १९९२ साली कोलंबिया यान परत आले तेव्हा या कवचाला टाचणीच्या टोकाएवढी भोके आढळली. ती कुठून आली? शोध घेता घेता लोक पोचले ते उड्डाणाच्या मनोऱ्यापाशी. मनोऱ्याचे लोखंड समुद्रकाठी गंजू नये म्हणून त्याला जस्ताचा लेप दिला होता. पावसाने त्यातले जस्त धुऊन यानाच्या पंखांवर टपकत होते, आणि परतीच्या उष्णतेत ते जस्त कवचाच्या भेगांमध्ये शिरून काच पोखरत होते. लोखंड वाचवणारा मुलामा कार्बन वाचवणाऱ्या मुलाम्याच्या मुळावर उठला! मनोरा रंगवणारे खाते निराळे, पंख तपासणारे खाते निराळे. दोघांनीही आपापले काम चोख केले होते.

याच कोलंबियाचा पुढे काय शेवट झाला ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाच्या सुमारास इंधनटाकीवरचा फोमचा, पाऊण किलोच्या आसपासचा, तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला, आणि १ फेब्रुवारीला परतताना तिथून तप्त वायू आत शिरले. सात माणसे गेली. त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. तो अपघात या भोकांमुळे झाला असे चौकशी मंडळाने म्हटलेले नाही, आणि मीही म्हणत नाही. फोम उडवून पाहण्याचा प्रयोग त्या वर्षीच्या जुलैत झाला तेव्हा आठव्या पट्ट्याला सुमारे ४० सेंटिमीटरचे खिंडार पडले. उष्णता सोसणारा पदार्थ घाव सोसतोच असे नाही. इतके दिवस तो फोम किरकोळ समजला गेला होता.

आता माझी हकीकत. कारखान्याचे नाव घेत नाही. २०१७ सालची गोष्ट. तिथे यंत्रांची आणि वाहनांची कार्बन तंतूची आवरणे होत आणि फुटकी आवरणे दुरुस्तही होत. दुरुस्तीवर बावीस वर्षांचा एक कंत्राटी मुलगा होता. फुटलेली जागा पॉलिश कागदाने घासायची, तिच्यावर राळेत भिजवलेल्या कापडाची पट्टी बसवायची, असे काम. त्याने बसवलेल्या तीन पट्ट्या गिऱ्हाइकाकडे सुटल्या. आरोपपत्र आले: राळेत हार्डनर प्रमाणात घातला नाही, निष्काळजीपणा, कंपनीचे नुकसान. मुलगा माझ्याकडे आला तो रडवेला होऊन. म्हणाला, "काका, आईशप्पथ मोजूनच घातलं होतं. शंभराला तीस. काट्यावर."

मी चौकशीत त्याचा प्रतिनिधी म्हणून बसलो. सुटलेली एक पट्टी मागवून घेतली. पट्टीच्या पोटाला अंगठ्याचे नख दाबून पाहिले; नख रुतेना. हार्डनर कमी पडला असता तर राळ मऊ, चिकट राहिली असती. ही तर खडखडीत वाळली होती. आणि तिचे पोट आरशासारखे चकचकीत होते. श्रोतेहो, सांधा कसा तुटला ते तुटलेली जागाच सांगते. पकड बसून मग तुटले असेल तर दोन्ही बाजूंना राळेचे ओरखडे, तंतूंची कुसळे दिसतात. इथे एक बाजू चकचकीत, दुसरीही चकचकीत. म्हणजे पकड बसलीच नव्हती.

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी चौकशी अधिकाऱ्यांची परवानगी घेतली आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन तुकड्यांवर पाणी ओतले. एक तुकडा साच्यातून काढून नीट पुसून घासलेला, दुसरा दुरुस्तीला परत आलेला. पहिल्यावर पाणी सलग पसरले. दुसऱ्यावर त्याचे मणी झाले आणि ते टेबलाच्या कडेकडे धावू लागले. धरत नाही, पळतं! चाळीस वर्षांनी चाचा माझ्या शेजारी येऊन उभे राहिल्यासारखे वाटले. ही काही माझी युक्ती नव्हे. चिकटवण्याआधी पृष्ठभाग स्वच्छ आहे की नाही हे पाहण्याची ही जुनी, सर्वमान्य कसोटी आहे.

मग चहाच्या टपरीवर दुसऱ्या खात्यातल्या रंगाऱ्याने उलगडा केला. काही महिन्यांपासून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मालावर बाटलीतला एक चकाकता लेप फासला जात होता. रस्त्यावर पाट्या दिसतात ना, 'सिरॅमिक कोटिंग करून मिळेल', त्याच जातीचा. सिलिकाचा पातळ थर, पाणी आणि धूळ झटकणारा. जो थर पाणी धरू देत नाही तो राळ तरी कशी धरू देईल? नुसत्या कापडाने किंवा थिनरने तो एकदा वाळल्यावर निघत नाही. खरवडूनच काढावा लागतो. आणि आधी न पुसता घासले तर वरचा तेलकटपणा ओरखड्यांत आणखी भरला जातो. पुसा, घासा, पुन्हा पुसा, असा क्रम हवा. खालचे तंतू कापले जातील इतके घासूनही चालत नाही. मुलाच्या जॉब कार्डावर यातले एक अक्षर नव्हते. 'हलका हात, एक फेर' एवढेच लिहिले होते, आणि त्याने तेवढेच केले होते. मालावर लेप देतात हे दुरुस्ती खात्याला कोणी कळवलेच नव्हते.

आरोप मागे घेतला गेला. कार्डे नवीन छापली. आणि सहा आठवड्यांनी मुलाचे कंत्राट संपले, ते पुन्हा दिले गेले नाही. त्यासाठी आम्ही भांडलो, हरलो. कायद्याने त्याला कोणी कामावरून काढले नव्हते, फक्त घेतले नव्हते.

तो आता मोटारी धुण्याच्या एका दुकानात आहे आणि तिथे तेच सिरॅमिक कोटिंग करतो. मध्यंतरी भेटला तेव्हा हसत म्हणाला, "काका, आता पाणी पळालं की गिऱ्हाईक खूश होतं." पण त्याचे डोळे लाल होते. या लेपांपैकी काही दमट हवेत वाळताना अमोनिया सोडतात. नवसागराच्या धुरात असतो तोच. मी त्याला खिडकी उघडी ठेवायला आणि चांगला मुखवटा घ्यायला सांगितले. दुकानाला खिडकी नाही, असे तो म्हणाला.

धुळीबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. मुलामा धरावा म्हणून पृष्ठभाग खरखरीत करायचा, त्यासाठी वाळूचा मारा करण्याची पद्धत जुनी आहे. त्या धुळीने फुप्फुसे दगडासारखी होतात. ब्रिटनने ओतकामावर असा वाळूचा मारा १९४९ च्या नियमांनी बंद केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात सिलिकोसिस हा कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदला गेला. कळवतो कोण, ते विचारू नका. सिलिकॉन कार्बाइड पक्का बसला की निरुपद्रवी. पण त्याचे केसाळ स्फटिक माणसाला बहुधा कर्करोगकारक आहेत, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ च्या ग्रंथात म्हटले, आणि तो बनवण्याच्या ॲचेसन भट्टीवरचे काम तर निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले. कार्बनचा तंतू स्वतः फुप्फुसाच्या तळापर्यंत जाण्याइतका बारीक नसतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मात्र आगीत जळताना तो झिजून बारीक होतो. ॲस्बेस्टॉस आला तेव्हाही तो असाच चमत्काराचा धागा होता. आमच्या पिढीने त्याचे पत्रे डोक्यावर घेऊन दिवस काढले.

वेळ संपत आल्याची घंटा अध्यक्षांनी वाजवलीच आहे. शंका असतील त्यांनी जरा थांबावे. मी कार्बनच्या दोन पट्ट्या आणल्या आहेत, एक लेप दिलेली, एक घासलेली. दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या. पाण्याचा तांब्या व्यासपीठावर आहेच. मुलांनी पुढे यावे आणि कोणती कुठली ते स्वतः ओतून ओळखावे.